हलकं झालेलं शहर

१

त्या शहरातली जाड माणसं वर्षभरात बारीक झाली होती. बारीक माणसं होती तितकीच बारीक होती. मुलांची वजनंही गेल्या वर्षी त्या त्या वयाला होती तेवढीच. पडद्यावरचे हे आकडे पाहिले आणि चाळणबाईंच्या हातातला कॉफीचा मग ओठांपर्यंत जाऊन तसाच टेबलावर परत आला.

चाळणबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. देशाच्या आरोग्य पाहणीची ही मुख्य कचेरी. गावोगावच्या लोकांचं वजन किती, उंची किती, कंबरेचा घेर किती, काल काय खाल्लं, आठवडाभर हालचाल किती केली, ही सगळी माहिती इथे यायची. ती चाळून त्यातले खडे बाजूला काढायचं काम बाईंचं. आणि हे काम त्या इतक्या चवीनं करायच्या की नाव आपसूक चिकटलं. खडा सापडला की त्यांचे कान लाल व्हायचे. आज ते अगदी लालबुंद झाले होते.

त्यांनी त्याच लोकांचे कंबरेचे घेर काढले. जिथल्या तिथे. खाण्याची माहिती काढली. कालही तेवढंच, परवाही तेवढंच. हालचाल मोजणारी एक डबी लोक आठवडाभर कमरेला लावतात, तिचे आकडे काढले. कोणी एक पाऊल जास्त टाकलं असेल तर शपथ.

"मग ही चरबी गेली कुठे? वाऱ्यावर?" बाई स्वतःशीच म्हणाल्या आणि जवळजवळ धावतच संचालकांच्या खोलीत शिरल्या.

आत फुलांचा भलामोठा गुच्छ होता आणि गुच्छामागे मोहीमप्रमुख बसले होते. 'हलके व्हा' ही त्यांची मोहीम त्या शहरात वर्षभर चालली होती आणि दुपारी चारला तिच्या यशाची घोषणा व्हायची होती. एकदा घोषणा झाली की मोहीम देशभर जाणार आणि मोहिमेबरोबर प्रमुखही.

"घोषणा थांबवा," बाई म्हणाल्या. "यात कुठेतरी पाणी मुरतंय."

संचालक हुशार माणूस. बाईंचं म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला. मोहीमप्रमुखांनी मात्र खांदे उडवले. "बाई, मी प्रचाराचा माणूस. काटे, मापं, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण काटा बिघडला असेल तर तुमचाच आहे."

"काटा बिघडलेला नाही," संचालक म्हणाले. "रोज सकाळी लोखंडी वजनं ठेवून तपासतात. आकडा काट्यावरून थेट इथे येतो, मध्ये कोणी हात लावू शकत नाही. म्हणजे राहिला फक्त माणसाला काट्यावर उभं करणारा. जाड माणसाला हळूच सांगायचं, भिंतीला हात टेका. हात टेकला की वजन उतरलं." ते थांबले. बाईंकडे बघवेना म्हणून खिडकीकडे बघत म्हणाले, "पथकप्रमुख कोण आहे तिथे, तुम्हाला माहीतच आहे."

आकडे बघताना ही गोष्ट बाईंच्या डोक्यातच आली नव्हती. त्या शहरातल्या मोजणीगाडीची पथकप्रमुख म्हणजे त्यांची सून.

२

सून सकाळीच कचेरीत आली होती, तीही नवी साडी नेसून. दुपारी तिचा सत्कार होता. तो राहिला बाजूला, आणि आता ती गाडी चालवत होती. शेजारी सासूबाई. तासाभराचा रस्ता आणि चारपर्यंतची मुदत. तोवर उलगडा झाला नाही तर निलंबनाचा आदेश निघणार होता. एकदा खोटी मापं घेतल्याचा डाग लागला की या धंद्यात पुन्हा कोणी दारात उभं करत नाही.

"लोक काट्यावर उभे असतात तेव्हा तू कुठे असतेस?" बाईंनी विचारलं.

"समोर. चार हात लांब."

"भिंत किती लांब?"

"हात पुरणार नाही इतकी. आई, तुम्ही मोजणीगाडी पाहिली आहे."

"पाहिली आहे. तरी विचारते."

"विचारा. सगळं विचारताय. एकच सोडून."

ते एक बाईंना विचारायचं नव्हतं. घरात दोघींचं रोज काही ना काही वाजायचं. पडदे कोणते, खिडकी उघडी की बंद, नातीला किती लाड. पण कामाच्या बाबतीत ही पोर सुईच्या टोकाएवढी चूक खपवून घेत नाही, हे बाई चारचौघांत अभिमानानं सांगत आल्या होत्या. आता तोच अभिमान त्यांना घाबरवत होता. आपल्याला ती निर्दोष हवी आहे, आणि हवी असलेली गोष्ट माणसाला फार लवकर दिसते. त्यांनी मनाला बजावलं, आज ही सून नाही. आज ही संशयित.

वाचनालयाच्या अंगणात मोजणीगाडी उभी होती. एखाद्या लांबलचक खोलीला चाकं लावावीत तशी. दारातच आहारवाली भेटली. लोकांना बसवून काल सकाळपासून काय काय पोटात गेलं ते विचारायचं, पुढ्यात रिकाम्या वाट्या-पेले मांडून 'एवढं की एवढं' करायचं, हे तिचं काम. दिवसभर दुसऱ्यांना बोलतं करून करून तिला स्वतःला गप्प बसवत नसे.

"खाणं?" ती म्हणाली. "काही कमी झालेलं नाही हो. तो बेकरीवाला अजून संध्याकाळी लोण्याचे पाव हाणतो आणि मला सांगताना लाजतो. मोहिमेचे फलक तेवढे वाढले." मग तिनं आवाज उतरवला. "आणि मॅडमना ती जागा मिळाली का हो?"

"कुठली जागा?"

"मोहिमेतली. उपप्रमुखाची. साहेबांनी स्वतः येऊन विचारलं होतं. तुम्हाला घरी बोलल्या नाहीत?"

घरी कोणी काहीच बोललं नव्हतं.

३

"नाही म्हणाले मी," सून म्हणाली. "म्हणून सांगितलं नाही."

"कोणाला नाही म्हणालीस? साक्षीला कोण होतं?"

"कोणी नाही. आई, नाही म्हणायला साक्षीदार घेऊन बसतं का कोणी?"

बरोबर होतं. पण बरोबर असणं आणि पटवता येणं यांत फार अंतर असतं. संचालकांना हेतू हवा होता, तो आता आयता मिळणार होता. बाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि ड्रायव्हरला हाक मारली.

ड्रायव्हर गाडीइतकाच ऐसपैस माणूस होता. गाडीचं कौतुक करायला मिळालं की त्याची स्वारी खूश. "यंदा गाडी एकदम छान झाली बघा. पूर्वी रस्त्यात खड्डा आला की काटा टणटण वाजायचा, डोकं उठायचं. आता चौकट आल्यापासून एकदम गुपचूप. आवाज नाही काही नाही."

"कसली चौकट?"

त्यानं दाखवली. गाडीच्या जमिनीत लाकडाची सुबक, उथळ पेटी बसवली होती आणि तिच्यात काटा. वरून काटा आणि जमीन एका पातळीत. म्हाताऱ्या माणसांना पाय उचलून चढायला नको, ठेचकाळायला नको. मोहिमेच्या कचेरीनं वर्षाच्या सुरुवातीला भेट दिली होती.

"मी हरकत घेतली होती," सून म्हणाली. "पण तपासून पाहिलं. लोखंडी वजनं बरोबर दाखवत होता. रोज सकाळी दाखवतो. आत्ता बघा."

तिनं लोखंडी वजनं उचलून काट्यावर ठेवली. आकडा चोख आला. पुन्हा ठेवली, पुन्हा चोख. बाई स्वतः चढल्या. त्या अंगानं काडीसारख्या. त्यांचंही वजन घरच्याइतकंच निघालं.

म्हणजे काटा खरा. चाळणबाईंना क्षणभर वाटलं, इथून आता एकच रस्ता जातो आणि तो सुनेपाशी जातो. तेवढ्यात दारात बेकरीवाला उभा राहिला. आहारवालीनंच फोन करून त्याला बोलावून घेतलं होतं.

"मी बारीक झालोय ना?" त्यानं आनंदानं विचारलं.

बाई त्याच्या पोटाकडे बघत होत्या. खरं तर पट्ट्याकडे. चामड्याचा जुना पट्टा. बक्कल ज्या भोकात होतं तिथे वर्षानुवर्षांच्या वापरानं चामडं काळं पडून ताणलं होतं. शेजारची भोकं कोरी होती.

"दादा, हा पट्टा नवा नाही ना?"

"छे हो. लग्नातला."

"आणि नेहमी याच भोकात?"

त्यानं खाली बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जरा डळमळलं.

४

"चढा काट्यावर," बाई म्हणाल्या. सुनेला त्यांनी गाडीबाहेर अंगणात उभं केलं. आहारवालीला दुसऱ्या टोकाला. बेकरीवाला दोन्ही हात लोंबते सोडून चौकटीच्या मधोमध उभा राहिला. आसपास कोणी नाही, कशाला हात टेकलेला नाही, आणि चाळणबाईंचे दोन डोळे त्याच्यावर खिळलेले.

तरीही आकडा कमीच आला. यंदाचाच. तो हलका झाल्याचा.

बाईंचे कान पुन्हा पेटले. सून बाहेर होती, म्हणजे हात टेकवण्याची कथा संपली. त्यांना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण वाजवल्या नाहीत. लोखंड खरं, त्या स्वतः खऱ्या, मुलं खरी. खोटा फक्त जाड माणूस. त्यांनी ड्रायव्हरला चढवलं. तोही हलका झाला.

"काटा बाहेर काढा," त्या म्हणाल्या. "वाचनालयाच्या पायरीवर ठेवा. दगडावर."

दगडावर लोखंडी वजनं तेवढीच भरली. बाईही तेवढ्याच भरल्या. मग बेकरीवाला चढला आणि आकडा सरसर वर गेला, गेल्या वर्षीच्या जागी जाऊन थांबला. ड्रायव्हरचंही तेच. आहारवालीनं तोंडावर हात ठेवला.

बाई परत गाडीत शिरल्या, रिकाम्या चौकटीपाशी गुडघे टेकून बसल्या आणि तिच्या तळाशी बोट दाबलं. वरून लाकडाच्या रंगाचा पातळ कागद होता. बोट आत गेलं.

"स्पंज," सुनेनं त्यांच्या खांद्यावरून बघत म्हटलं. "आई, स्पंज आहे खाली. म्हणून आवाज येत नव्हता."

आणि म्हणूनच सगळं जुळत होतं. काट्याला चार पाय. वजन कळतं ते त्या पायांना. लोखंड हलकं, मुलं हलकी, बाई हलक्या; पाय जरासे रुततात, बस्स. पण जाड माणूस चढला की पाय पार बुडतात, काट्याचं पोट स्पंजावर टेकतं आणि थोडा भार पोटातूनच खाली जातो. जो जितका जाड, तितका तो जास्त हलका. रोज सकाळची तपासणी चोख, कारण तपासायचं लोखंड कधी इतकं जड नसतंच. हे नेमकं कोणाला माहीत असेल? ज्यानं कधीकाळी रोज सकाळी तीच वजनं उचलून ठेवली असतील, त्याला.

बाईंनी मोहीमप्रमुखांना फोन लावला.

"चौकट? सुताराकडून करून घेतली," पलीकडून आवाज आला. "खाली मऊ घातलं की टणक, मला काय कळतंय त्यातलं? तुमच्या सूनबाईंनी बसवून घेतली, त्यांना विचारा. त्यांना जागा हवी होती आमच्याकडे."

बाईंनी रागानं फोन ठेवला. सापळा कसा रचला होता ते आता स्वच्छ दिसत होतं. नोकरीचं आमिष दाखवून ठेवायचं, म्हणजे उद्या उघडकीला आलं तर हेतू तिचा आणि चौकटही तिच्या गाडीतली. संचालक पुरावा मागणार आणि पुरावा म्हणून हातात फक्त स्पंज.

"दादा," त्या बेकरीवाल्याला म्हणाल्या, "दुकान तासभर दुसऱ्या कोणावर सोपवता येईल का? आणि सूनबाई, काटा घे. चौकट नको, नुसता काटा."

५

सभागृहात जाड गालिचा होता, दिव्यांचा झगमगाट होता, पत्रकार होते. मागच्या रांगेत बेकरीवाला आणि आहारवाली येऊन बसले. मोहीमप्रमुख नव्या कोटात उजळून निघाले होते. संचालकांच्या खिशात निलंबनाचा आदेश होता. बाईंनी त्यांच्या कानात दोन वाक्यं सांगितली. संचालकांनी त्यांच्याकडे डोळे विस्फारून बघितलं, पण नाही म्हणाले नाहीत.

"मंडळी," बाई माईकवर म्हणाल्या, "घोषणेआधी एक गंमत. ज्यांनी शहराला हलकं केलं, त्यांनी आधी आपापली वजनं करावीत. सुरुवात आपल्या संचालकांपासून."

सुनेनं काटा गालिच्याच्या मधोमध ठेवला. संचालक बूट घालूनच चढले, उतरले. लोक हसले. एका पत्रकाराला बोलावलं, तो खांद्यावरच्या पिशवीसकट चढला. पुन्हा हशा.

"आता साहेब. आणि साहेब, चढता चढता सांगा, मोहीम सुचली कशी?"

मोहीमप्रमुखांना हा प्रश्न जन्मभर पुरला असता. ते बोलू लागले. बोलत बोलत काट्यापाशी आले. बोलत बोलत त्यांनी पायानं काटा गालिच्यावरून बाहेर, कडेच्या फरशीवर सरकवला. वाकले, दोन्ही तळव्यांनी चारही कोपरे दाबून डुगडुगतोय का ते बघितलं. शून्य आलं की नाही ते बघितलं. बूट काढले, खिशातल्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, मधोमध उभे राहिले, हात सरळ, नजर समोर. तोंडानं अजून मोहीमच चालू होती.

सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. फक्त सून, आहारवाली आणि संचालक स्तब्ध होते. मापं घेणाऱ्या माणसाच्या अंगात भिनलेली एकेक हालचाल त्यांच्यासमोर होऊन गेली होती.

"साहेब," चाळणबाई म्हणाल्या, "कोणत्या पथकात होतात?"

"पहिल्या," ते अभिमानानं म्हणाले. "तेव्हा तर गाड्यासुद्धा नव्हत्या, आम्ही काटे खांद्यावरून..." आणि तिथे त्यांची जीभ अडखळली.

"दोघं गालिच्यावर चढले, त्यांना काही वाटलं नाही. तुम्ही काटा फरशीवर नेलात. ज्याला काट्यातलं ओ की ठो कळत नाही, त्याला मऊ जमिनीची एवढी भीती का वाटली?" बाईंनी पिशवीतून स्पंजाचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. मग चौकटीत काय घडत होतं ते सगळ्यांना कळेल अशा भाषेत सांगितलं, लोखंडापासून पट्ट्याच्या भोकापर्यंत.

पत्रकारांच्या लेखण्या धावू लागल्या. मोहीमप्रमुख काट्यावरून उतरले. अनवाणी माणूस कोटात फार केविलवाणा दिसतो. "मी वाईट काय केलं?" ते म्हणाले. "मोहीम चांगलीच होती. आकडे बघून लोकांना हुरूप आला असता. पुढच्या वर्षी खरंच हलके झाले असते."

मागच्या रांगेतून बेकरीवाला उठला. "साहेब, मी बरा झालो असं समजून डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या होत्या. चार महिने झाले."

संचालकांनी खिशातला आदेश काढला, फाडला आणि माईकवर सांगितलं की आज घोषणा होणार नाही, त्या शहरातल्या प्रत्येकाचं वजन पुन्हा होईल, आणि ते करणारं पथक तेच असेल, पथकप्रमुखही तीच.

६

गर्दी पांगल्यावर सून मागच्या जिन्यावर एकटीच बसलेली सापडली. काटा मांडीवर. रडत नव्हती, पण रडून झालेलं दिसत होतं. बाई शेजारी बसल्या.

"सकाळी संचालकांच्या खोलीतून बाहेर आलात," सून म्हणाली, "तेव्हा मला सरळ विचारायचं होतं. 'तू हे केलंस का?' एवढंच. दिवसभर वाट बघितली मी. ड्रायव्हरला विचारलंत, बेकरीवाल्याला विचारलंत. सगळं जग विचारून झालं तुमचं. माझ्यावर एवढाही विश्वास नव्हता?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग?"

"मग मी तुझं ऐकलं असतं," बाई म्हणाल्या. "लगेच. गाडीत बसायच्या आत. आणि मग मी कशाला आले असते स्पंज शोधायला? चार वाजता संचालकांनी पुरावा मागितला असता, आणि तुला सोडवायला माझ्याकडे काय असतं? सासूचा शब्द. तो कोण मानणार होतं? भीती वाटत होती गं मला. तुला विचारायची नाही, तुझं उत्तर ऐकून थांबायची."

सुनेनं मांडीवरचा काटा सरळ केला. जिन्याखाली गाड्या सुटल्याचे आवाज येत होते.

"आता विचारा," ती म्हणाली.

"आता कशाला? आता सगळ्या जगाला माहीत झालं."

"जगाला झालं. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

बाईंनी पदर सावरला, तिच्याकडे वळल्या आणि विचारलं, "तू हे केलंस का?"

"नाही, आई."

"बरं," चाळणबाई म्हणाल्या, आणि त्यांना पुढे काही तपासावंसं वाटलं नाही. त्यांनी तिच्या मांडीवरचा काटा आपल्याकडे घेतला आणि दोघी जिना उतरू लागल्या. उद्या सकाळी सगळ्या शहराला पुन्हा काट्यावर चढवायचं होतं.